किचन ट्रॉलीचे हार्डवेअर: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला, गावच्या घराची दुरुस्ती काढली किंवा घरात लग्न ठरले, की स्वयंपाकघराचा विषय निघतोच. लॅमिनेटचा रंग, ओट्याचा दगड, टाइल्स यावर घरात आठ-आठ दिवस चर्चा चालते. बिजागरी कोणती बसवायची, ड्रॉवरला चॅनल कोणते लावायचे, हा विषय मात्र बहुतेक घरांत मिस्त्रीवर सोडला जातो. मग दीड-दोन वर्षांत एखादे दार खाली लोंबायला लागते, भांड्यांचा ड्रॉवर अर्ध्यावर अडकतो, सिंकखालच्या बिजागऱ्यांना गंज चढतो. बोर्ड शाबूत असतो, रंगही तसाच असतो, पण ट्रॉली वापरणे नकोसे होते.

मध्यमवर्गीय घरात हा खर्च पुन्हा पुन्हा होत नाही. बचत मोडून, भिशी उचलून किंवा हप्त्यावर केलेले काम निदान दहा-बारा वर्षे टिकायला हवे. त्यासाठी महागडे सामानच घ्यावे लागते असे नाही. कोणत्या वस्तूवर किती खर्च करायचा एवढे समजले तरी पुरते.

एकच नियम लक्षात ठेवा

हार्डवेअर म्हणजे लाकूड किंवा बोर्ड सोडून कपाटाला लागणारे बाकीचे सामान: बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल, ट्रॉलीच्या जाळ्या, हँडल, वर उघडणाऱ्या दारांचे पंप, पाय आणि स्क्रू.

या सामानाचे दोन भाग करा. जे हलते आणि वजन पेलते, त्यावर पैसे घाला. जे नुसते दिसते, त्यावर वाचवा. बिजागरी आणि चॅनल पहिल्या भागात येतात. हँडल, चमकदार प्रोफाइल, शोभेच्या जाळ्या दुसऱ्या भागात. प्रत्यक्षात बऱ्याचदा याच्या उलट होते. हँडल घरातले सगळे मिळून दुकानात जाऊन निवडतात, आणि बिजागरी मिस्त्री जी आणेल ती बसते. हँडल खराब झाले तर पंधरा मिनिटांत बदलता येते. बिजागरीचे स्क्रू बोर्डातून उपसून आले, तर बोर्डच खराब होतो.

बिजागरी: सगळ्यात आधी हीच बघा

ट्रॉलीच्या दाराला मिस्त्री लोक शटर म्हणतात. शटरच्या आतल्या बाजूला ३५ मि.मी. व्यासाचा गोल खड्डा पाडून त्यात बिजागरीची वाटी बसवतात. बाजारातल्या बहुतेक बिजागऱ्यांचे हे माप सारखेच असते. म्हणून जुनी बिजागरी खराब झाली तर साधारणपणे त्याच खड्ड्यात दुसऱ्या कंपनीची बसू शकते, फक्त स्क्रूची भोके जुळतात का ते पाहावे लागते.

दुकानात बिजागरी मागताना ‘क्रँक’ सांगावा लागतो. शटर कपाटाच्या बाजूच्या फळीवर पूर्ण बसत असेल, तर झिरो क्रँक. मधल्या एकाच फळीवर दोन्हीकडची शटर अर्धी-अर्धी बसत असतील, तर आठ क्रँक. शटर कपाटाच्या आत, फळीच्या सपाटीला बसत असेल, तर पंधरा किंवा सोळा क्रँक. चुकीचा क्रँक आणला की शटर एकमेकांवर घासतात किंवा मध्ये फट राहते. यादीत प्रत्येक शटरसमोर क्रँक लिहून घ्या.

एका शटरला किती बिजागऱ्या लागतात याचे ढोबळ माप असे आहे:

- ९०० मि.मी. उंचीपर्यंत: २
- ९०० ते १,६०० मि.मी.: ३
- १,६०० ते २,००० मि.मी.: ४
- २,००० ते २,४०० मि.मी.: ५

शटर रुंद असेल, काचेचे असेल किंवा जाड प्लायचे असेल, तर एक जास्त लावा. उंच कपाटाला दोनच बिजागऱ्या लावून भागवले, तर सगळा भार वरच्या बिजागरीवर येतो आणि शटर तिथूनच सुटते. एका बिजागरीचे पैसे वाचवण्याच्या नादात अख्खे शटर जाते.

सॉफ्ट क्लोज घ्यावे का? सॉफ्ट क्लोज बिजागरीत तेलाचा छोटा डॅम्पर असतो, त्यामुळे शटर आपटत नाही, हळूच मिटते. काही दुकानदार तिला हायड्रॉलिक म्हणतात. आवाज कमी होतो आणि शटरला धक्के बसत नाहीत, हा तिचा खरा फायदा. पण सगळ्या शटरना ती हवीच असे नाही. रोज वीस वेळा उघडणारी खालची शटर, सिंकखालचे शटर आणि लहान मुलांचा हात पोचतो तिथे ती लावा. माळ्याच्या कपाटांना, सणावाराची भांडी ठेवायच्या जागेला साधी चांगली बिजागरी पुरते. पहाटे सहरीच्या वेळी घरातली लहान मुले उठू नयेत एवढीच गरज असेल, तर शटरच्या कोपऱ्यांना चिकटवायचे पारदर्शक बंपर फार स्वस्तात मिळतात. साध्या बिजागरीला जोडायचे वेगळे डॅम्परही मिळतात.

कंपन्या बिजागरीच्या खोक्यावर ५०,००० किंवा १ लाख वेळा उघडझाप करून तपासल्याचे लिहितात. याचा हिशेब घरी करून बघा. दिवसाला २० वेळा उघडणारे शटर वर्षाला ७,३०० वेळा उघडते. म्हणजे ५०,००० वेळांची बिजागरी त्या जागी साधारण सात वर्षांचे काम करेल, १ लाखाची साडेतेरा वर्षांचे. आठवड्यातून दोनदा उघडणाऱ्या कपाटाला मात्र कमी आकड्याचीही आयुष्यभर पुरेल. ही तपासणी प्रयोगशाळेत होते. घरात वाफ, तेल आणि ओले हात असतात, म्हणून आकड्यात थोडी सूट धरा.

दुकानात बिजागरी हातात घेऊन तीन गोष्टी करा. दोन वेगवेगळ्या बिजागऱ्या दोन हातांत धरून वजन बघा, पातळ पत्र्याची लगेच हलकी लागते. ती उघडून आडवी हलवा, नवी असतानाच खिळखिळी वाटली तर ठेवून द्या. तिचे समायोजनाचे स्क्रू स्क्रूड्रायव्हरने फिरवून बघा. ते नीट फिरले तरच पुढे शटर वर-खाली, आत-बाहेर करून सरळ करता येईल.

आणखी एक बारकावा. काही दुकानदार बिजागरीचा भाव नगाचा सांगतात, काही जोडीचा. तुलना करण्याआधी ‘नगाचा का जोडीचा?’ हे विचारून घ्या.

ड्रॉवरचे चॅनल: वजन मोजून घ्या

चॅनल साधारण तीन प्रकारचे येतात. पहिला प्रकार पांढऱ्या पत्र्याचा, नायलॉनच्या चाकांचा. हा सगळ्यात स्वस्त. यात ड्रॉवर साधारण तीन-चतुर्थांशच बाहेर येतो. चमचे, किचन टॉवेल, हलकी पाकिटे यांच्यासाठी ठीक आहे. दुसरा प्रकार बॉल बेअरिंगचा टेलिस्कोपिक चॅनल. याची पट्टी साधारण ४५ मि.मी. उंच असते आणि ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो. तिसरा ड्रॉवरखाली लपणारा किंवा धातूच्या भिंतींचा तयार बॉक्स, ज्याला बाजारात टँडम म्हणतात. दिसायला सुंदर, पण टेलिस्कोपिकच्या कितीतरी पट महाग.

मर्यादित बजेटमध्ये दुसरा प्रकार सगळ्यात फायद्याचा. मिस्त्रीकडून प्लायचा ड्रॉवर करून घ्या आणि त्याला चांगल्या कंपनीचा टेलिस्कोपिक चॅनल लावा. टँडमच्या एका बॉक्सच्या पैशांत असे दोन-तीन ड्रॉवर सहज होतात.

मापाचे गणित सोपे आहे. टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला साधारण १२.७ मि.मी., म्हणजे अर्धा इंच जागा लागते. म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा एक इंचाने कमी हवी. जास्त घट्ट केला तर गोळ्या घासतात, जास्त सैल केला तर ड्रॉवर डुलतो. लांबी १० इंचांपासून २४ इंचांपर्यंत दोन-दोन इंचांनी वाढत जाते. ओट्याखालच्या नेहमीच्या खोलीला २० इंची, म्हणजे ५०० मि.मी.चा चॅनल बसतो. काही वेळा मिस्त्री २० ऐवजी १८ किंवा १६ इंची लावून टाकतो. बाहेरून फरक कळत नाही, पण मागची जागा फुकट जाते. म्हणून लांबी कागदावर लिहून घ्या.

वजन पेलण्याची क्षमता चॅनलवर किंवा खोक्यावर किलोत लिहिलेली असते. ३५ आणि ४५ किलोचे चॅनल सहज मिळतात. हा आकडा जोडीचा असतो, एका पट्टीचा नाही. घरातली ताटे, वाट्या, पातेली एका मोठ्या पिशवीत भरून वजनकाट्यावर ठेवून बघा. मोठ्या कुटुंबात ताट-वाट्यांचा ड्रॉवर भरला की अंदाजापेक्षा जास्त भरतो. त्यात ड्रॉवरचे स्वतःचे वजन धरा आणि वर थोडी शिल्लक ठेवा. जड ड्रॉवरला ४५ किलोचा, बाकीच्यांना ३५ किलोचा, असे वेगवेगळे घेतले तरी चालते.

बिर्याणीची देग, मोठे भगोने, पाट्याचा दगड, खलबत्ता या वस्तू ड्रॉवरमध्ये ठेवूच नका. त्यांची जागा जमिनीलगतच्या फळीवर, शटरमागे. एल आकाराच्या ओट्याचा कोपरा यासाठी उत्तम. त्या कोपऱ्यासाठी फिरणाऱ्या आणि बाहेर सरकणाऱ्या महाग जाळ्या दुकानदार दाखवतो. सणाला किंवा दावतीला बाहेर काढायच्या भांड्यांसाठी तो खर्च नको. साधी मजबूत फळी पुरे.

ट्रॉलीच्या जाळ्या: चुंबकावर भरवसा नको

थाळी बास्केट, कप-बशी बास्केट, बाटल्यांची जाळी अशी नावे घेत कोटेशन वाढत जाते. सगळ्या ड्रॉवरमध्ये जाळ्या लावायची गरज नसते. ओली भांडी जिथे ठेवायची तिथे जाळी हवी, कारण पाणी निथळते. कोरड्या डब्यांना, धान्याला, मसाल्यांना प्लायचा ड्रॉवर किंवा फळी बरी.

जाळी स्टेनलेस स्टीलची घ्यायची तर ग्रेड विचारा. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, त्यामुळे ती गंजाला चांगली टिकते. २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते. ती स्वस्त पडते, पण ओलाव्यात आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळते. काही ठिकाणी लोखंडी तारेवर क्रोमचा मुलामा दिलेली जाळीही ‘स्टील’ म्हणून विकली जाते.

चुंबक लावून बघण्याची पद्धत अर्धीच उपयोगी आहे. चुंबक घट्ट चिकटला, तर ती लोखंडाची किंवा हलक्या ग्रेडची जाळी आहे हे कळते. पण चिकटला नाही म्हणून ३०४ असे मुळीच नाही, कारण २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. उलट, चांगल्या ३०४ ची ओढलेली तार कधीकधी चुंबकाला थोडी ओढली जाते. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घेणे हाच खरा पुरावा. ग्रेड ओळखायचे रसायनाचे थेंबही मिळतात. दुकानदाराकडे असतील तर समोर टाकून दाखवायला सांगा.

जाळीचे वेल्डिंगचे सांधे बोटाने चाचपून बघा. टोके खरखरीत असतील तर हात कापतो, आणि गंजही तिथूनच सुरू होतो.

हँडल: इथे बिनधास्त वाचवा

हँडल निवडताना धातू, माप आणि पकड या तीन गोष्टी बघा. झिंक मिश्रधातूवर मुलामा दिलेले, ॲल्युमिनियमचे, स्टीलच्या पाइपचे आणि पितळेचे हँडल मिळतात. पितळ देखणे आणि टिकाऊ, पण महाग. अलीगढ कुलुपांसाठी आणि पितळी हार्डवेअरसाठी नावाजलेले आहे, जामनगर पितळी सुट्या भागांसाठी. तिथला माल आपल्या शहरांतल्या दुकानांत असतो. तरी पूर्ण स्वयंपाकघराला पितळ लावण्याऐवजी साधे ॲल्युमिनियम किंवा स्टील घेऊन उरलेले पैसे बिजागरीत घातलेले बरे.

माप हँडलच्या पूर्ण लांबीवरून घेऊ नका. दोन स्क्रूंच्या मधले अंतर महत्त्वाचे. ते साधारण ३२ च्या पटीत असते: ९६, १२८, १६०, १९२ मि.मी. पुढे कधी हँडल बदलायचे झाले तर त्याच अंतराचे घेतल्यास जुनी भोके चालतात, शटर खराब होत नाही. म्हणून कुठेही मिळेल असे ९६ किंवा १२८ चे माप निवडा.

पकडीचा विचार घरातल्या मोठ्यांसाठी करा. ज्यांची बोटे आखडतात, सांधे दुखतात, त्यांना गोल नॉब ओढणे जड जाते. चार बोटे आत जातील असे डी आकाराचे हँडल त्यांना सोपे. फार टोकदार कडांचे हँडल लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवर नको. नक्षीकाम जितके बारीक तितका त्यात तेल-मसाला जास्त अडकतो, हेही लक्षात घ्या.

हँडल न दिसणारी प्रोफाइल पट्टी सध्या फॅशनमध्ये आहे. पण तिच्यासाठी शटर आणि बॉक्सचे माप वेगळे धरावे लागते, कारागिरी चोख लागते आणि पट्टीत घाण साचते. बजेट आवळलेले असेल तर तिच्या मागे लागू नका.

वर उघडणारी शटर आणि गॅस पंप

ओट्यावरच्या कपाटाला वर उचलायचे शटर छान दिसते. ते गॅस पंपावर उभे राहते. पंपावर ६०, ८०, १००, १२० न्यूटन असा आकडा असतो, आणि तो शटरच्या वजनाला जुळावा लागतो. कमी पडला तर शटर डोक्यावर येते, जास्त झाला तर मिटतच नाही. काही वर्षांनी पंपातला दाब कमी होतो आणि तो बदलावा लागतो. त्यापेक्षा दोन पाकळ्यांचे साधे शटर आणि चार चांगल्या बिजागऱ्या स्वस्त आणि निश्चिंत. उंची कमी असलेल्या बायकांना वर गेलेले शटर ओढून मिटवणेही अवघड जाते.

स्क्रू आणि बोर्ड: न दिसणारी कमजोर जागा

बिजागरी कितीही चांगली असली तरी ती ज्या बोर्डात बसते तो स्क्रू धरणारा हवा. प्लाय स्क्रू चांगला धरतो. पार्टिकल बोर्ड स्वस्त, पण एकदा पाणी लागून फुगला की स्क्रू सुटतोच. सगळे प्लायमध्ये जमत नसेल, तर निदान सिंकचे कपाट आणि उंच शटर पाण्याला टिकणाऱ्या बीडब्ल्यूआर प्लायमध्ये करून घ्या.

१८ मि.मी.च्या बोर्डाला साधारण ३.५ × १६ मि.मी.चा स्क्रू लागतो. आधी बारीक भोक पाडून मग स्क्रूड्रायव्हरने आवळायचा, ही योग्य पद्धत. काही कारागीर घाईत स्क्रू हातोडीने अर्धा ठोकतात आणि शेवटचे दोन फेरे फिरवतात. यात बोर्डाचा आतला तंतू फाटतो आणि स्क्रूची पकड जाते. काम चालू असताना घरातल्या कोणीतरी एकदा तरी उभे राहून हे बघावे, आणि अदबीनेच पण स्पष्ट सांगावे.

दमट हवा, खारा वारा आणि सिंकखालचे ॲसिड

मुंबई, भिवंडी, मुंब्रा इथला पावसाळा आणि रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, मुरूडची खारी हवा हार्डवेअरची परीक्षा घेते. कोकणातल्या अनेक घरांना वर्षातले कित्येक महिने कुलूप असते, कारण घरचे लोक मुंबईला किंवा आखातात असतात. बंद घरात ओलावा साचतो आणि साध्या निकेल मुलाम्याच्या बिजागऱ्या लवकर गंजतात.

अशा घरात सगळीकडे स्टेनलेसच लावायचे म्हटले तर खर्च वाढतो. सिंकखाली आणि जमिनीलगतच्या रांगेत ३०४ च्या बिजागऱ्या लावा, वरच्या रांगेत साध्या चालतील. क्रोम मुलाम्याच्या लोखंडी जाळ्या मात्र टाळा. घर बंद करून जाताना कपाटांची शटर थोडी उघडी ठेवा, आणि बिजागऱ्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फडक्याने फिरवा.

शहरातल्या घरांतही एक चूक सर्रास दिसते. फरशी आणि संडास साफ करायचे ॲसिड सिंकखाली ठेवले जाते. बाटलीचे झाकण लावलेले असले तरी त्यातून वाफ सुटते, आणि ती वाफ चांगल्या स्टीललाही खाते. सिंकखालच्याच बिजागऱ्या सगळ्यात आधी का गंजतात, याचे हे एक मोठे कारण आहे. ॲसिड आणि ब्लीचच्या बाटल्या स्वयंपाकघराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

हिशेब करून बघू

दहा फुटांचा सरळ ओटा धरू. खाली ६०० मि.मी.चे तीन ड्रॉवरचे एक कपाट, ८०० मि.मी.ची दोन शटरची दोन कपाटे आणि तेवढ्याच मापाचे सिंकचे कपाट. वर चिमणीची जागा सोडून दोन शटरची तीन कपाटे. एकूण शटर १२, बिजागऱ्या २४, चॅनलच्या जोड्या ३, हँडल १५.

समजा, साध्या चांगल्या आणि सॉफ्ट क्लोज बिजागरीत नगामागे ८० रुपयांचा फरक आहे. खालच्या सहा शटरनाच सॉफ्ट क्लोज लावले, तर १२ नगांचे ९६० रुपये जादा लागतील. आता समजा, साधे हँडल १२० रुपयांचे आणि आवडलेले भारी हँडल ३५० चे आहे. १५ हँडलमागे फरक ३,४५० रुपयांचा. म्हणजे नुसते हँडल साधे घेतले, तर खालची सॉफ्ट क्लोज आणि तिन्ही ड्रॉवरच्या चॅनलमधली सुधारणा यातले बरेच काही त्यातच भागते. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून हाच हिशेब वहीत मांडा.

हार्डवेअरसाठी १०० रुपये ठेवले असतील, तर ढोबळ वाटणी अशी करता येईल: बिजागऱ्या ३५, चॅनल ३०, जाळ्या १५, हँडल १०, स्क्रू-बंपर-पाय ५ आणि हाताशी शिल्लक ५.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावे

बहुतेक ठेकेदार चौरस फुटाचा एकच भाव सांगतात, ‘हार्डवेअरसकट’. या ‘सकट’ शब्दातच घोळ असतो. बोर्ड आणि लॅमिनेट तुम्ही बघून घेतलेले असते, त्यामुळे भाव जुळवायला कात्री लागते ती हार्डवेअरला. सगळेच ठेकेदार असे करत नाहीत, पण कागदावर असलेले बरे. पुढच्या गोष्टी लिहून घ्या:

- बिजागरीची कंपनी, प्रकार, क्रँक आणि नग
- चॅनलची कंपनी, लांबी, किलोची क्षमता आणि जोड्या
- जाळीचा ग्रेड आणि माप
- हँडलचे माप आणि एका हँडलची मर्यादित किंमत
- प्लायचा प्रकार, विशेषतः सिंकच्या कपाटाचा
- बसवल्यानंतर शटर सरळ करून देण्याची एक मोफत फेरी

शक्य असेल तर मजुरी वेगळी ठरवा आणि हार्डवेअर स्वतः आणा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटचा परिसर, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटचा परिसर अशा घाऊक बाजारांत चार दुकाने फिरून भाव विचारता येतो. हेटिक, हाफेले, ब्लूम, एब्को, गोदरेज अशा नावांची नक्कलही बाजारात फिरते, म्हणून नाव खोक्यावरच नाही, तर बिजागरीवर कोरलेले आहे का ते बघा. पक्के बिल घ्या. बिल नसेल तर वॉरंटीचा शब्द हवेत जातो. दोन बिजागऱ्या, एक हँडल आणि मूठभर स्क्रू जास्तीचे घेऊन ठेवा. पाच वर्षांनी तेच डिझाइन मिळेल याची खात्री नसते.

सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. शेवटचा हिस्सा कपाटांत भांडी भरून आठवडाभर वापरल्यानंतर द्या, आणि हे आधीच ठरवा. रिकामे शटर आणि रिकामा ड्रॉवर नेहमीच छान चालतो.

आणि यादी करताना रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला पुढे बसवा. मसाल्याचा डबा कुठे लागतो, कुकर कुठे ठेवतात, हात कुठवर पोचतो, हे त्यांनाच ठाऊक असते. बऱ्याच घरांत पैसे देणारा ठरवतो आणि वापरणारी निभावून नेते. तसे होऊ देऊ नका.

जुनी ट्रॉली असेल तर

नवीन करण्याआधी जुने दुरुस्त होते का ते बघा. लोंबणारे शटर बऱ्याचदा बिजागरीचे दोन स्क्रू फिरवून सरळ होते. प्लायमधले भोक मोठे झाले असेल, तर त्यात लाकडाची खुंटी डिंक लावून ठोका, रात्रभर वाळू द्या आणि नव्याने बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. पार्टिकल बोर्ड फुगला असेल तर ही मलमपट्टी टिकत नाही. तिथे तेवढी फळी बदलावी किंवा आतून प्लायची पट्टी मारून बिजागरी थोडी वर-खाली सरकवावी.

अडकणाऱ्या चॅनलमध्ये खाद्यतेल घालू नका. ते चिकट होऊन पीठ-धूळ धरते. ड्रॉवर काढून कोरड्या ब्रशने घाण काढा आणि थोडा सिलिकॉन स्प्रे मारा. गोळ्या पडल्या असतील तर चॅनलची जोडीच बदला. माप तेच असल्याने सुतार अर्ध्या तासात काम करतो.

बॉक्स आणि शटर शाबूत असतील, तर बिजागऱ्या, चॅनल आणि हँडल बदलून जुनी ट्रॉली आणखी काही वर्षे आरामात चालते. नव्याचा खर्च त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. भाड्याच्या घरात तर एवढेच करावे. घर सोडताना बिजागऱ्या काढून नेता येतात, भिंतीला ठोकलेली ट्रॉली नेता येत नाही.